मुलगी अलाबामात, मग नायगरा कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या सहलीची आखणी कशी करावी यावर लेख आला होता. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगरा, लास व्हेगास आणि शेवटी डिस्ने. त्याबद्दल तक्रार नाही, ज्याला जे आवडतं ते त्यानं बघावं. पण लेखाच्या शेवटी म्हटलंय की मुलं दक्षिणेकडच्या राज्यांत असतील तर तिथं बघण्याजोगं विशेष काही नसतं, विमान धरून सरळ पूर्व किनारा गाठावा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र. जरा लांबलंय, जमेल तसं छापावं.

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गोतावळ्यात पोरं परदेशी असलेले बरेच जण आहेत. कुणाचा मुलगा टेक्सासमध्ये, कुणाची मुलगी जॉर्जियात. हे आईबाप तिकडं जातात, नातवंडं सांभाळतात, लोणची-चटण्या घालून देतात, मध्येच आठवडाभर बसमधून नायगरा करून येतात आणि परततात. ज्या गावात इतके महिने काढले त्याच्या आसपास काय आहे म्हणून विचारावं, तर इंडियन स्टोअर आणि मंदिर. माझं म्हणणं इतकंच की मुलं राहतात ते राज्य आधी बघा. तेही दुसऱ्याच्या यादीवरून नको. जन्मभर आपण जे काम केलं त्या अंगानं बघा.

आमची मुलगी आणि जावई अलाबामाच्या उत्तर टोकाला हंट्सव्हिलला असतात. ऑक्टोबरात आम्ही दोघं निघतोय. मी उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांना, म्हणजे फाउंड्र्यांना, लाकडी पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) करून देण्यात उमेदीची वर्षं घालवली. आमची ही खानापूर तालुक्यात मराठी शाळेत बाई होती, माहेर कडोलीचं, शेतकऱ्याचं. म्हणजे माझं लोखंड आणि तिची शाळा नि शेत. एवढं घेऊन नकाशा पसरला तर दिवस कमी आणि जागा जास्त अशी गत झाली.

आकड्यांपासून सुरुवात केली. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ४७,७९,७३६ भरली. आपल्या बेळगाव जिल्ह्याची २०११ ची आहे ४७,७९,६६१. फरक ७५ माणसांचा! क्षेत्रफळ मात्र आपल्या जिल्ह्याच्या दहापट. यावरूनच कळलं की तिथं गावं लांब लांब असणार, मध्ये झाडी आणि शेतं, आणि दर चार मैलांवर चहाची टपरी मिळणार नाही. न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला जाणारी एक रेल्वे बर्मिंगहॅमवरून जाते, पण तिच्या भरवशावर राज्य बघून होत नाही. गाडी जावयाची, चालवणार तो आणि मुलगी आलटून पालटून. मी मागं बसून रस्ता सांगणार. हे दोघांनी नाइलाजानं मान्य केलंय.

ऑक्टोबर निवडला त्याला कारण आहे. उन्हाळ्यात तिथं घामट उकाडा असतो आणि मार्च ते मे टोर्नेडोचे दिवस. २७ एप्रिल २०११ ला एकाच दिवसात त्या राज्यात दोनशेहून जास्त माणसं वावटळींनी नेली. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत कोरडा महिना, कापूस फुटलेला आणि भुईमूग काढणीला आलेला. एक भानगड मात्र जावयानं वेळेवर सांगितली. तो त्यांच्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम. टस्कलूसाच्या स्टेडियमवर लाखभर माणूस बसतं. त्या शनिवारी टस्कलूसा किंवा ऑबर्नच्या आसपास खोली मागायला जाल तर एक तर मिळत नाही, नाही तर भलत्या दरानं मिळते. तेव्हा आधी सामन्यांचं वेळापत्रक घेतलं, मग आमचे मुक्काम बसवले. शिवाय आठवड्याच्या सुरुवातीला तिकडची बरीच संग्रहालयं बंद असतात, तेही बघावं लागतं.

हंट्सव्हिलचं रॉकेट सगळेच बघतात, त्यावर फार लिहीत नाही. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न पाच जातीचं, चाचणीसाठी बांधलेलं ३६३ फुटी रॉकेट तिथं छपराखाली आडवं ठेवलंय. नासाचं मार्शल केंद्र तिथं १९६० पासून आहे. आमचा पहिला टप्पा मात्र तिथून सत्तरेक मैल पश्चिमेला, टस्कंबिया नावाचं लहान गाव. हेलन केलर २७ जून १८८० ला तिथं जन्मली. ते घर जपलंय आणि परसातला पंपही. दीड वर्षाची असताना दुखण्यात डोळे आणि कान गेलेल्या त्या पोरीचा हात ॲन सलिव्हन बाईंनी १८८७ साली ह्या पंपाखाली धरून 'पाणी' हा शब्द हातावर काढून शिकवला, ही गोष्ट हिनं वर्गाच्या वर्गांना शिकवली. फळ्यावर पंप काढायची तो आपल्या बोअरवेलचा. आता खरा कसा आहे ते बघायचंय म्हणते. फोटोत तो ओतीव लोखंडाचा दिसतो, म्हणजे मलाही त्यात काम आहेच.

तिथून बर्मिंगहॅम. इथं मी जास्त वेळ मागून घेतलाय. हे गाव वसलं १८७१ साली, आणि वसलं ते लोखंडासाठीच. खनिज लोखंड, दगडी कोळसा आणि चुनखडी, भट्टीला लागणारा सगळा माल काही मैलांच्या आत सापडतो अशा जागा जगात फार नाहीत. तिथली स्लॉस भट्टी १८८२ ते १९७१ चालली आणि आता ती राष्ट्रीय स्मारक आहे. चिमण्या, हवा तापवायचे स्टोव्ह, हवा फुंकणारी इंजिनं सगळं जागेवर उभं आहे, आत हिंडता येतं. त्याच आवारात अजून लोखंड वितळवून ओतकाम शिकवतात. आपल्याकडं एखादी फाउंड्री बंद पडली की क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, भंगारात जातो आणि जागेवर मंगल कार्यालय उभं राहतं. बेळगावात इतकी वर्षं ओतकाम झालं, पण पोराबाळांना हात धरून दाखवावी अशी एक जुनी भट्टी कुणी राखली असेल तर मला सांगा.

तिथल्या रेड माउंटन टेकडीवर व्हल्कनचा पुतळा आहे. रोमन लोकांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव. ५६ फूट उंच, ओतीव लोखंडाचा जगातला सर्वांत मोठा पुतळा. जोसेप्पे मोरेती नावाच्या इटालियन शिल्पकाराकडून १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो करून घेतला. तुकडे ओतून बोल्टानं जोडलेत. इतक्या मोठ्या कामाचा पॅटर्न कसा पाडला असेल, आतली पोकळी धरणारे कोअर कुठून काढले असतील, थंड होताना लोखंड आक्रसतं त्याचा हिशेब त्या लोकांनी कसा धरला असेल, ह्या विचारानं माझी झोप जाते. प्रदर्शन संपल्यावर त्या बिचाऱ्याचे हाल झाले. सुटे भाग रुळाशेजारी पडून होते, मग जत्रेच्या मैदानात हात चुकीचा बसवून उभा केला आणि हातात जाहिरातीचा आइस्क्रीमचा कोन दिला. पुढं टेकडीवर नेताना पोटात काँक्रीट भरलं. लोखंड आणि काँक्रीट उन्हाथंडीत सारखं हलत नाही, त्यामुळं तडे गेले. १९९९ मध्ये उतरवून, आतलं काँक्रीट फोडून काढून, दुरुस्त करून पुन्हा चढवला. पुतळ्याला पुढून लोहाराचा ॲप्रन आहे, मागून काहीच नाही. हिला फोटो दाखवला तर म्हणाली, "तुम्ही एकटेच बघून या."

पण बर्मिंगहॅमचं लोखंड एवढ्यावर संपत नाही. भट्टीतली सर्वांत तापाची आणि घातकी कामं काळ्या मजुरांच्या वाट्याला होती, त्यांची न्हाणीघरंही वेगळी. कोळशाच्या खाणींत सरकार कैदी भाड्यानं देत असे. किरकोळ गुन्ह्यात धरलेली काळी माणसं कंपन्यांना भाड्यानं दिली जायची, आणि अलाबामात हा प्रकार १९२८ पर्यंत चालला. मोल्डिंग शॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून पिग आयर्नच्या, म्हणजे भट्टीतून निघालेल्या कच्च्या लोखंडाच्या, लादीकडं पूर्वीसारखं बघता येत नाही. शहराच्या मधोमध सोळाव्या रस्त्यावरचं बाप्टिस्ट चर्च आहे. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी तिथं गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार शाळकरी मुली गेल्या. समोर पार्क, आणि कोपऱ्यावर नागरी हक्कांच्या चळवळीचं संग्रहालय. भट्टी आणि चर्च ही दोन्ही एकाच दिवशी बघायची असं मी ठरवलंय.

इथून पुढं घरात वाद झाला. जावई म्हणाला, "बाबा, हायवेनं सरळ मोंटगोमेरी गाठू. सेल्मावरून गेलो तर तास-सव्वा तास जास्त जातो. आणि सुट्टीत असलं सगळं उदास कशाला बघायचं?" मुलगा गुणी आहे, आमच्या सोयीसाठीच म्हणाला. पण आपण महाडला जाऊन चवदार तळं बघतो तेव्हा उदास व्हायला जातो का? आणि ज्या राज्यात तुम्ही घर घेतलंत, ज्या शाळेत नात जाणार, तिथं साठ वर्षांपूर्वी कोण कुठल्या बाकावर बसू शकत होतं हे तुम्हाला माहीत हवं. एवढं बोलल्यावर मुलगीच म्हणाली, सेल्मावरूनच जाऊया.

सेल्मा आधी आणि राज्याची राजधानी मोंटगोमेरी नंतर, हा क्रम मी मुद्दाम धरलाय. ७ मार्च १९६५ ला सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या सहाशेएक लोकांवर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर सोडला. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसची कवटी फुटली. पुढं हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत तीस वर्षांहून जास्त बसला. पूल मध्ये चढावाचा आहे, त्यामुळं पलीकडं उभे असलेले पोलीस मोर्चाला चढ संपेपर्यंत दिसले नाहीत. असलं काही पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही, पाय टेकवूनच कळणार. त्या पुलाला नाव ज्याचं आहे तो गुलामी टिकवायला लढलेल्या सैन्याचा सेनापती, आणि नाव अजून तेच आहे. दोन आठवड्यांनी, २१ मार्चला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत लोक पुन्हा निघाले आणि ५४ मैल चालून २५ तारखेला मोंटगोमेरीच्या विधानभवनासमोर पोचले, तेव्हा पंचवीस हजार झाले होते. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. तो रस्ता, हायवे ८०, आता राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग आहे. उलट दिशेनं आलो असतो तर तीच वाट मोर्चाला पाठ करून पाहिल्यासारखी झाली असती. तासभर पेट्रोल जास्त जळलं तर जळू दे.

मोंटगोमेरीला मुक्काम. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडेनात म्हणून त्यांना अटक झाली. त्यावर तिथल्या काळ्या समाजानं ३८१ दिवस सिटी बसला हात दाखवला नाही. चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले, पण बसमध्ये चढले नाहीत. पुढारी होता सव्वीस वर्षांचा पाद्री किंग. त्यांचं डेक्स्टर ॲव्हेन्यूवरचं चर्च विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर आहे. किंग १९५९ मध्ये गांधीजींचा देश बघायला म्हणून भारतात आले होते. गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली आपल्या टिळकवाडीत भरलं. त्यावेळची विहीर आपण येताजाता बघतो, निदान दिसते तरी. तेव्हा आम्ही बेळगावकर त्या चर्चमध्ये अगदीच परके म्हणून जाणार नाही.

त्याच शहरात २०१८ मध्ये झुंडबळींचं स्मारक उभं राहिलं. ८०० हून जास्त पोलादी खांब, एकेका कौंटीचा (तिकडच्या जिल्ह्याचा) एकेक, आणि त्यांवर जमावानं मारलेल्या ४,४०० हून अधिक माणसांची नावं. चालत पुढं जाऊ तशी जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले राहतात. पोलाद कॉर्टेन जातीचं, ज्याला वरवर गंज चढतो आणि तोच गंज आतलं पोलाद राखतो. जोडीच्या संग्रहालयात, जिथं जिथं माणसं मारली तिथली माती काचेच्या बरण्यांत भरून मांडलीय, लाल, पिवळी, काळी. नातीला तिथं न्यायचं की नाही यावर अजून एकमत नाही. ती नऊ वर्षांची आहे. मी न्यावं म्हणतो, आजी म्हणते रोझाबाईंचं संग्रहालय पुरे, बाकीचं तिच्या तिनं मोठेपणी बघावं. बहुधा आजीचंच होईल.

तिथून पूर्वेला चाळीस मैलांवर टस्कीगी. हे नाव मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. इथले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्या घराघरांत पोचलेत, अलाबामात राहणाऱ्या आमच्या जावयाच्या मित्रांना माहीत नसतील इतके. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये इथली शिक्षणसंस्था काढली. विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. कार्व्हर १८९६ मध्ये आले आणि ५ जानेवारी १९४३ ला तिथंच गेले. कापसानं चोपलेल्या जमिनीला भुईमूग, चवळी, रताळं हा उतारा त्यांनी सांगितला. १९०६ पासून तर घोडागाडीत अवजारं आणि बियाणं घालून शाळाच शेतकऱ्याच्या बांधावर नेली. हिला ती गाडी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांवर पावसाळ्यात शाळा कशी पोचते हे तिनं भोगलंय. एक गोष्ट जाता जाता: शेंगदाण्याचं लोणी कार्व्हरनी शोधलं असं आपल्याकडं छातीठोक सांगतात, ते खरं नाही. त्यांचं मोठेपण त्यावर अवलंबूनही नाही. आणि ह्याच टस्कीगीच्या नावावर १९३२ ते १९७२ चाललेला तो प्रयोगही आहे, ज्यात सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या काळ्या माणसांना औषध न देता नुसतं बघत ठेवलं. कार्व्हरबद्दल पोरांना सांगताना हेही सांगावं असं मला वाटतं.

पुढं दक्षिणेला एंटरप्राइज नावाचं गाव. आमच्या बैलहोंगल-सौंदत्तीच्या कापूस उत्पादकांना तिथं न्यायला हवं. कापसाचं बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पीक खाऊन टाकलं. कर्जात बुडालेले शेतकरी भुईमुगाकडं वळले आणि सावरले. तेव्हा गावानं ११ डिसेंबर १९१९ ला भर चौकात त्या किडीचं स्मारक उभारलं! एक बाई दोन्ही हातांनी वर काहीतरी धरून उभी. सुरुवातीला हातात कीड नव्हती, ती १९४९ मध्ये बसवली. आता चौकात दिसते ती प्रतिकृती. बोंडअळीनं आपल्याकडं किती घरं बसली, पण तिचा पुतळा करायची कल्पना कुणाला सुचली नसती. तिथून तीसेक मैलांवरच्या डोथनला दर नोव्हेंबरात शेंगांची जत्रा भरते. १९३८ च्या पहिल्या जत्रेला कार्व्हर स्वतः पाहुणे होते. आम्ही तोवर थांबणार नाही, शेतात काढणी बघायला मिळाली तरी खूप.

शेवटी मोबील, समुद्राजवळ. हा टप्पा जावयासाठी आणि नातीसाठी, पांढऱ्या वाळूचा किनारा म्हणून. १८६० मध्ये गुलामांना घेऊन अमेरिकेला आलेलं शेवटचं ज्ञात जहाज, क्लोटिल्डा, तिथल्याच नदीत नेऊन जाळलं, आणि त्याचे अवशेष २०१९ मध्ये ओळखले गेले. त्यातल्या लोकांनी वसवलेली आफ्रिकाटाउन वस्ती अजून आहे. परतीचा रस्ता साडेतीनशे मैलांचा, दिवसभराचा. माझी कंबर धरली तर मध्ये मुक्काम.

खाण्याची काळजी करणाऱ्यांसाठी: मक्याच्या कण्या, मक्याची भाकरीवजा पोळी आणि तळलेली भेंडी सगळीकडं. पालेभाजी मागवाल तर विचारून घ्या, त्यात बहुतेकदा डुकराचं मांस घालून शिजवतात. आणि रस्त्याकडेला मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा विकतात, अगदी आपल्यासारख्या. हे ऐकल्यावर हिचा प्रवासाबद्दलचा उरलासुरला संशय गेला. आरोग्य विमा मात्र भारतातून निघतानाच काढा, तिथल्या दवाखान्याचं बिल बघून दुसरं दुखणं यायचं.

आपल्या पुरवणीला विनंती आहे की जिल्ह्यातल्या आणि सीमाभागातल्या ज्या वाचकांची मुलं टेक्सास, टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलिनात आहेत त्यांच्याकडून त्या त्या राज्याची अशी टिपणं मागवावीत. कुणी विणकर असेल, कुणी तंबाखूवाला, कुणी साखर कारखान्यातला. प्रत्येकाला तिथं काहीतरी ओळखीचं सापडेल आणि ते टूरवाल्याच्या पत्रकात नसेल. आणि एक नड आमची. सेल्माचा पूल पावणेचारशे मीटरच्या वर लांब आहे आणि मध्ये चढ आहे. हिनं तो पायीच ओलांडायचा हट्ट धरलाय आणि तिचे गुडघे दुखतात. मधल्या चढाला टेकायला जागा आहे का, पलीकडून गाडीत बसता येतं का, हे जाऊन आलेल्या कुणा वाचकाला ठाऊक असेल तर त्यांनी सप्टेंबरअखेर आपल्यामार्फत कळवावं, म्हणजे गाडी कुठं उभी करायची ते जावयाला आधी सांगता येईल.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर
अनगोळ, बेळगाव
(नाव व पत्ता छापू नये)